पिशवी, बच्चेदानी, युटेरस : एका अवयवाची नावं

देऊळघाटहून बोलतेय. आमच्या गटांच्या कर्जाच्या रजिस्टरात 'कर्जाचं कारण' असा एक रकाना असतो. त्यात सोयाबीनचं बियाणं, शेळी, शिलाई मशीन, पोराची फी, घरावरचे पत्रे अशी कारणं लिहिलेली असतात. आणि मधूनच एखाद्या ओळीत एकच शब्द असतो : 'पिशवी'. बाहेरच्या माणसानं वाचलं तर त्याला वाटेल, ही बाई पिशव्या शिवायचा धंदा काढतेय. आपल्याला मात्र लगेच कळतं. वीस हजार, पंचवीस हजार, पिशवीचं ऑपरेशन. बैठकीत कुणी जास्त विचारत नाही. "पिसवी खराब झाली म्हने, काढून टाक म्हने डॉक्टर," एवढं ती खालच्या मानेनं सांगते, बाकीच्या हं हं करतात आणि ठराव होतो. बियाण्याचं कर्ज देताना कोणती जात, किती बॅगा, कोणत्या दुकानातून, असं सगळं विचारणाऱ्या आपण बाया. इथे मात्र गप्प.

म्हणून आज या एका शब्दावरच बोलायचं ठरवलं. डॉक्टरीण नाही मी, बी.ए. झालेली बाई आहे. त्यामुळे औषध सांगणार नाही. पण शब्द कुठून आले, त्यांचा अर्थ काय, आणि ते आपल्या अंगावर कसे चालतात, हे सांगता येईल.

सोनोग्राफी केली की जो कागद हातात येतो, त्यावर या अवयवाचं नाव असतं 'युटेरस'. हा शब्द लॅटिन भाषेतला, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतला. त्या भाषेत त्याचा अर्थ गर्भाशय आणि पोट असा दोन्ही होता. आपल्याकडे 'उदर' हा शब्द आहे ना, उदरनिर्वाहातला, त्याला भाषेचे अभ्यासक या युटेरसचा नातेवाईक मानतात. एका पोटचे भाऊ म्हणजे सहोदर. म्हणजे कागदावरचा परका वाटणारा शब्द आपल्या घरातल्या शब्दाचा लांबचा चुलतभाऊच निघाला.

इंग्रजीत दुसरा साधा शब्द आहे 'वूम'. लिहिताना शेवटी 'ब' लिहितात, म्हणताना तो गिळतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याचा अर्थ नुसतं पोट असा होता. बाईचं पोट, पुरुषाचं पोट, गाईचं पोट, सगळ्यांना तोच शब्द. भरपेट जेवलेल्या बाप्याचंही तेच भरायचं. पुढे पोटासाठी दुसरा शब्द रुळला आणि हा शब्द फक्त बाईच्या वाट्याला उरला. स्कॉटलंडच्या बोलीत अजून त्याचं जुनं रूप पोट याच अर्थानं आहे.

आपल्या मराठीत तर ही गंमत आजही जिवंत आहे. 'पोट' म्हणजे भाकरी जाते ते, आणि 'पोट' म्हणजे लेकरू राहतं तेही. पोटुशी, पोटचा गोळा, पोट पाडणं, माझ्या पोटी जन्मला. ज्वारीसुद्धा आधी पोटरीत येते आणि मग निसवते. 'कूस' हा शब्द संस्कृतातल्या 'कुक्षि'वरून आला, त्याचाही मूळ अर्थ पोटच. कूस उजवली म्हणतो ती हीच, आणि रात्री झोप येईना म्हणून बदलतो तीही कूसच. बेंबीखालच्या भागाला 'ओटीपोट' म्हणतो. ओटी भरतो ती नारळ-तांदळानं, पण तिचं नातं त्याच जागेशी आहे. हे सगळे शब्द ऐका जरा, त्यात माया आहे, पीक आहे, भरलेपण आहे.

'गर्भाशय' हा पुस्तकी शब्द. जुने पंडित 'गर्भ' या शब्दाचं नातं धरून ठेवणं या अर्थाच्या धातूशी जोडतात. जे आत धरून ठेवलं जातं ते गर्भ. 'आशय' म्हणजे राहण्याची, टेकण्याची जागा. जलाशय म्हणतो, मूत्राशय म्हणतो, तसंच हे. सुश्रुतानं आपल्या ग्रंथात शरीरातले आशय मोजले तेव्हा पुरुषाचे सात सांगितले आणि बाईचा एक आठवा, गर्भाशय. आकार कसा, तर रोहित माशाच्या तोंडासारखा, म्हणजे आपण बाजारात रोहू म्हणतो तो मासा. नदीकाठच्या माणसाला लगेच डोळ्यापुढे येईल अशी ती उपमा आहे.

याच 'गर्भ'पासून 'गाभा' आला, गाभण गाय आली आणि देवळातला गाभाराही आला, गर्भागार म्हणजे गर्भाची खोली. आमच्या गावाच्या नावातच देऊळ आहे म्हणून हे सांगताना मला मजा वाटते. देवळातल्या सगळ्यात आतल्या, सगळ्यात पवित्र जागेला आपल्या पूर्वजांनी बाईच्या अवयवाचं नाव दिलं. आणि मग त्याच गाभाऱ्यात बाईनं जायचं की नाही यावर आपल्या राज्यात भांडणं झाली, 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की देवळात प्रवेशाचा बाईचा हक्क राखणं सरकारचं काम आहे. असो. तो विषय वेगळा, त्यावर बोलायला लागले तर आजची वेळ संपेल.

आमच्या देऊळघाटात गटाच्या निम्म्या बैठकांमध्ये पिशवी म्हटलं जात नाही, 'बच्चेदानी' म्हटलं जातं. मच्छरदाणी, अत्तरदाणी, तशी बच्च्याची दाणी. ठेवायची जागा. शब्द सरळ आहे. पण याच भगिनींच्या रोजच्या बोलण्यात आणखी एक शब्द आहे, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. अरबी भाषेत गर्भाशयाला 'रहिम' म्हणतात, आणि 'रहम' म्हणजे दया. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. रहमान आणि रहीम ही अल्लाहची नावं त्याच मुळापासून येतात. नात्यागोत्याशी संबंध तोडू नये, जोडून ठेवावेत, याला 'सिला-रहमी' म्हणतात, त्यातलं 'रहमी' म्हणजे एका कुशीतलं नातं. एका बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मंग तिले काढाले जीव कसा होते लोकायचा?" मी उत्तर दिलं नाही. त्यांना ते नकोच होतं.

आता जरा परदेशी वळू, कारण डॉक्टर ज्या ऑपरेशनचं नाव लिहितात ते तिकडून आलंय. 'हिस्टेरेक्टॉमी'. ग्रीक भाषेत 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय, आणि शेवटच्या 'एक्टॉमी'चा अर्थ कापून बाहेर काढणं. पण याच 'हिस्टेरा'पासून दुसरा एक शब्द निघाला, तो तुम्ही नक्की ऐकलाय : 'हिस्टेरिया'. बाईला झटके आले, ती रडायला लागली, दातखिळी बसली, की "हिस्टेरिया झाला" म्हणतात. पुरुषाला कधी म्हटलेलं ऐकलंय? फार कमी. कारण त्या शब्दाच्या पोटातच गर्भाशय आहे.

झालं असं की दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांची समजूत होती, गर्भाशय बाईच्या शरीरात हिंडतं. रिकामं राहिलं, मूल झालं नाही की ते चिडतं, वर सरकतं, छाती दाबतं, गळा दाबतं. म्हणून बाईला गुदमरतं. प्लेटो हा मोठा तत्त्वज्ञ, त्याच्या लिखाणातही गर्भाशय म्हणजे मूल हवं म्हणून हट्ट धरणारा जीव अशी कल्पना आहे. अरेटियस नावाच्या वैद्यानं तर त्याला प्राण्याच्या आतला प्राणी म्हटलं. उपाय काय, तर नाकाशी घाण वासाच्या वस्तू धरायच्या म्हणजे ते वरून पळेल, आणि खालून सुगंधी धुरी द्यायची म्हणजे ते जागेवर येईल. जणू मांजरच. त्याच काळाच्या आसपास सोरॅनस नावाचा एक वैद्य होता, त्यानं स्पष्ट लिहिलं की हे हिंडत-फिरत नाही. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही.

इंग्रजांकडेही हीच समजूत पोचली. तिकडे एके काळी गर्भाशयाला चक्क 'मदर' म्हणत, म्हणजे आई. आपल्या खेड्यात खालच्या भागाला 'मायांग' म्हणतात, तसंच. 1603 साली लंडनच्या एडवर्ड जॉर्डन नावाच्या डॉक्टरनं एक पुस्तिका लिहिली, तिच्या नावाचा अर्थ होतो 'आईमुळे होणारी घुसमट'. त्या काळात अशा झटके येणाऱ्या बाया-पोरींना कुणीतरी करणी केली असं समजून दुसऱ्याच एखाद्या बाईला चेटकीण ठरवत. जॉर्डनचं म्हणणं होतं की ही करणी नाही, हा आजार आहे. आजाराचं कारण त्यानं गर्भाशयाशीच जोडलं, ते चूक होतं, पण निदान एका बाईवरचा चेटकिणीचा आळ तरी त्यानं खोडायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आपल्या आजारांच्या यादीतून हिस्टेरिया हे नाव काढलं ते 1980 साली. एक चुकीची समजूत एका शब्दात बसून दोन हजार वर्षं टिकली, बघा.

ग्रीकांचा आणखी एक शब्द मला आवडतो म्हणून सांगून टाकते. गर्भाशयाला त्यांच्याकडे 'डेल्फिस' असंही म्हणत. त्यावरून भावाला 'एडेल्फोस', म्हणजे एका कुशीतला. आपला सहोदर आणि तो अगदी एकाच बेताचे. समुद्रातल्या डॉल्फिनचं नावही त्याच शब्दावरून पडलं, कारण तो मासा नाही, पोटात पिल्लू वाढवतो.

आता आपल्या पिशवीकडे या. उदर, कूस, गर्भाशय, बच्चेदानी, रहिम, मदर, आणि शेवटी पिशवी. बाकीच्या नावांत धरून ठेवणं आहे, राहणं आहे, आई आहे, दया आहे. पिशवीत काय आहे? पिशवी आपण बाजाराला नेतो, भाजी घरी आली की खुंटीला अडकवतो. फाटली की फेकतो. "दोन लेकरं झाली, नसबंदी झाली, आता पिशवीचं काय काम?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. गर्भाशय म्हटलं असतं तर हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघालं असतं का, मला शंका आहे. 'गर्भाशय सडलं' असं कुणी म्हणत नाही. 'पिशवी सडली' मात्र म्हणतात, आणि ऐकणारीच्या डोळ्यापुढे लगेच कुजकी पिशवी येते. सडकी वस्तू घरात ठेवायची कशी? काढून टाका. शब्दच निम्मं काम करून जातो.

एक गोष्ट साफ सांगते, म्हणजे गैरसमज नको. काही वेळा गर्भाशय काढावंच लागतं. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींमुळे रक्त जाऊन जाऊन बाई पांढरीफटक पडली असेल आणि औषधानं थांबत नसेल, अंग पार बाहेर आलं असेल, बाळंतपणात रक्त थांबतच नसेल, तर या ऑपरेशननं जीव वाचतो. त्या वेळी गटानं त्याच दिवशी पैसे उभे करायला हवेत, उगाच चर्चा नको. माझं बोलणं बाकीच्यांबद्दल आहे.

आपल्या जिल्ह्याला लागून जालना, आणि त्याच्या पलीकडे बीड. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडालं की 'खाडा', आणि खाड्याचा दंड पाचशे रुपयांपर्यंत. पाळीच्या दिवसांत पोट दुखतंय, तरी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायची. पालावर संडास नाही, न्हाणी नाही, फडकी धुवायला पाणी नाही. मग अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं, जळजळ. दवाखान्यात गेलं की ऐकायला मिळतं, पिशवी खराब, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पाळी नाही, खाडा नाही, कॅन्सरची भीती नाही. तिशीतल्या, काही तर विशीतल्या बायांनी ऑपरेशनं करून घेतली, आणि पुढच्या हंगामाच्या उचलीतून ते पैसे फेडले.

2019 साली हे वर्तमानपत्रांत आलं तेव्हा राज्यभर गाजलं. राष्ट्रीय महिला आयोगानं राज्य सरकारला नोटीस पाठवली. आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 99 खासगी दवाखान्यांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. मग विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशाचा आकडा सांगते म्हणजे फरक कळेल. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभराला तीनच्या आसपास होतं.

आणि हे एकट्या बीडचं नाही. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच ऑपरेशनांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 5 एप्रिल 2023 ला निकाल लागला. सगळ्या राज्यांनी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करावीत, असं न्यायालयानं सांगितलं. त्यात जिल्ह्यापासून देशापर्यंत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या आहेत, आणि बाईला नीट समजावून तिची संमती न घेता, गरज नसताना ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्याला काळ्या यादीत टाकण्याचीही सोय आहे.

'समजावून संमती' हा शब्द कायद्याचा. पण समजणार कसं? आपल्याकडे खालच्या सगळ्या दुखण्यांना मिळून दोन-तीनच शब्द आहेत. 'अंगावर जातं.' काय जातं? लाल की पांढरं? पाण्यासारखं की दह्यासारखं? वास येतो का, खाज आहे का? पाळीच्या मधल्या दिवसांत थोडं पांढरं, चिकट जाणं हे तर साधं आहे, तो आजारच नाही. वास, खाज, रंग बदलला असेल तर बहुतेक वेळा जंतूंचा त्रास असतो, तो गोळ्यांनी बरा होतो. कधी कधी नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, आणि खरी अडचण तिथेच असते! गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली होती. 1989 मध्ये ती 'लॅन्सेट' या मोठ्या मासिकात छापून आली. शंभरातल्या 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8. बायांना त्रास नव्हता असं नाही, तो सांगायला शब्द नव्हते आणि ऐकायला कोणी नव्हतं.

म्हणून आता कागदाकडे येऊ. सोनोग्राफीचा कागद इंग्रजीत असतो, आणि त्यातल्या एकेका शब्दानं आपली झोप उडते. त्यातले नेहमी येणारे सांगते.

'अँटीव्हर्टेड' असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. त्याचा अर्थ गर्भाशय पुढे झुकलेलं आहे. बहुतेक बायांचं तसंच असतं. 'रेट्रोव्हर्टेड' म्हणजे मागे झुकलेलं, तेही बऱ्याच जणींचं जन्मतःच असतं, त्यानं काही बिघडत नाही. 'बल्की' म्हणजे थोडं मोठं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय जरा मोठं असायचंच. मूठभर वस्तू ती, नऊ महिन्यांत बाळ, पाणी, वार सगळं मावेल एवढी होते आणि बाळंतपणानंतर दीड महिन्यात परत मुठीएवढी. पंचवीस हजारांच्या अर्जाला जोडलेल्या कागदांवर मी 'बल्की' हा एकच शब्द गोल केलेला पाहिलाय.

'नाबोथियन सिस्ट' असं लिहिलं की वाटतं, संपलं सगळं. हे मार्टिन नाबोथ नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावावरून आलंय. गर्भाशयाच्या तोंडाशी बारीक ग्रंथी असतात, त्यांचं तोंड बुजलं की पाण्याचे छोटे फोड दिसतात. त्यांना सहसा कसलंही औषध लागत नाही. 'फायब्रॉइड' म्हणजे स्नायूची गाठ. ही फार जणींना असते, कॅन्सर क्वचितच निघतो, पाळी जायला लागली की ती आपोआप आकसते. त्रास देत असेल, रक्त फार जात असेल, तरच उपचाराचं बघायचं. 'एंडोमेट्रियम' म्हणजे आतलं अस्तर, त्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. पाळीच्या बाईची ती महिन्यात कमी-जास्त होते. पण पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही घालवू नका. तिथे हयगय नको. थेंबभर असलं तरी तपासून घ्यायचं.

आणि 'सर्व्हिक्स'. लॅटिनमध्ये याचा अर्थ मान. गर्भाशयाचं खालचं निमुळतं टोक मानेसारखं दिसतं म्हणून ते नाव. आपण त्याला मराठीत 'गर्भाशयाचं तोंड' म्हणतो. त्यांची मान, आपलं तोंड. या एका शब्दानं किती घोटाळे होतात बघा. मानेच्या मणक्याच्या दुखण्यालाही 'सर्व्हायकल' म्हणतात. आमच्या गटातल्या एकीला मान दुखते म्हणून एक्स-रे काढायला सांगितलं. कागदावर 'सर्व्हायकल' वाचून तिच्या पोरानं मोबाईलवर शोधलं, तर समोर आला सर्व्हायकल कॅन्सर. घरात रात्रभर रडारड. सकाळी कळलं, डोक्यावर पाण्याचे हंडे वाहून मान धरलीय.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर मात्र खरा आहे, आणि तो लवकर कळला तर आटोक्यात येतो. तीस वर्षांपुढच्या बायांची त्यासाठी सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. सिरक्यासारखं पातळ औषध लावून बघतात, दोन मिनिटांचं काम. कॅन्सरची भीती वाटते ना, मग ही तपासणी आधी करून घ्या. नुसत्या भीतीपायी चांगलं गर्भाशय काढून टाकणं म्हणजे चोर येईल म्हणून घराची भिंतच पाडण्यासारखं आहे.

आमच्या गटांनी एक नियम केलाय, तुम्हाला पटला तर बघा. ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं तर आम्ही नाही म्हणत नाही. पण तातडीचं नसेल तर पैसे देण्याआधी तिच्याबरोबर दुसरी एक जण जाते, बुलडाण्याला सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला. सोबतिणीनं तीन गोष्टी विचारायच्या. आजाराचं नाव काय, पिशवी खराब हे नाव नव्हे. ऑपरेशनशिवाय दुसरा कोणता उपचार आहे, आणि तो करून पाहिला का? आणि ऑपरेशन केलंच, तर अंडाशय ठेवणार की काढणार? सगळ्याच वेळा डॉक्टर नाही म्हणतात असं नाही. काही जणींचं ऑपरेशन झालं, गरज होती, त्या आता बऱ्या आहेत. पण काही जणी गोळ्यांची पाकिटं घेऊन परत आल्या आणि कर्जाचा अर्ज शेळीचा झाला.

अंडाशयाचं का विचारायचं ते सांगते. इंग्रजीत 'ओव्हरी', लॅटिनमधल्या अंडं या शब्दावरून. गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन असतात. हाडं मजबूत ठेवणारं, हृदय सांभाळणारं संप्रेरक तिथून येतं. पिशवी म्हटलं की सगळं त्या एका शब्दात जातं, आणि काढताना काय काय काढलं हे बाईला कळतच नाही. पस्तिशीत दोन्ही अंडाशय गेली तर पाळी जाण्याचा काळ एका दिवसात अंगावर कोसळतो. अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आणि घरचे म्हणतात, ऑपरेशन झालं तरी हिचं कुरकुरणं काही जात नाही.

शेवटी एका ताईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. त्या म्हणतात, "माझं तर सात वर्षांपूर्वीच झालं. आता हे ऐकून मी काय करू?" ताई, दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेलं कार्ड शोधा. ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत असेल. त्यावर ऑपरेशनच्या नावापुढे 'बी.एस.ओ.' अशी तीन अक्षरं आहेत का बघा. असतील तर त्याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशय काढलेली आहेत. ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हाडांबद्दल, कॅल्शियमबद्दल विचारा. तीळ, दूध, हिरव्या भाज्या खा, सकाळचं ऊन अंगावर घ्या. ती तीन अक्षरं नसतील तर बहुधा तुमची अंडाशय जागेवर आहेत, तरी एकदा विचारून घ्या. कार्ड सापडत नसेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे मागा. वाचता येत नसेल तर मंगळवारी बैठकीला घेऊन या, आपण मिळून वाचू. चष्मा विसरू नका. नमस्कार.